पानं कोणी काढायची

आमच्या पोहण्याच्या तलावावर एक जाळीवाला होता. सकाळी दार उघडण्याआधी लांब दांड्याची जाळी घेऊन तो काठाकाठाने फिरायचा आणि पाण्यावर पडलेली निलगिरीची पानं काढून टाकायचा. हे काम तो इतकं बिनबोभाट करायचा, की पाणी आपोआपच स्वच्छ असतं असं आम्हा सकाळच्या बायकांना वाटायचं. तो निवृत्त झाला. त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, दोन साहेब त्याच्याविषयी चार शब्द बोलले, त्यातल्या एकाने तर त्याला पंपवाला समजूनच सगळं भाषण केलं. दुसऱ्या सकाळी आम्ही डोक्याला टोप्या घालून काठावर आलो, तर पाणी धड दिसेना. नुसती पानं.

तलाव नगरपालिकेचा. जाळीवाल्याची जागा पालिकेने भरली नाही, रद्द केली. त्याऐवजी एक परिपत्रक निघालं आणि कपडे बदलायच्या खोलीबाहेर चिकटवलं गेलं. त्यात लिहिलं होतं, की यापुढे पाण्यावरील तरंगता कचरा काढण्याचं काम जीवरक्षक आपलं काम सांभाळून करतील. खाली कार्मिक अधिकाऱ्यांची सही.

वहिनीने ते दोनदा वाचलं. ती माझ्या समोरच्या घरात राहायची आणि तलावावर आमच्या खुंट्या शेजारी शेजारी होत्या.

"ही आमच्या ह्यांची सही," ती म्हणाली. "आज संध्याकाळी माझा भाऊ जेवायला खाली उतरत नाही बघ."

ती 'वहिनी' का, ते सांगायला हवं. तिचा नवरा म्हणजे हा कार्मिक अधिकारी, पालिकेत कोणी कुठे बसायचं आणि काय काम करायचं ते ठरवणारा. पण साहेब होण्याआधी तो पालिका कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. आवाज असा, की फाटकावर घोषणा दिली तर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. सगळे त्याला भोंगा म्हणायचे. हजारभर कर्मचाऱ्यांचा तो दादा, म्हणून ही हजारभरांची वहिनी. संपाच्या दिवसांत फाटकावर बसलेल्यांना चहा हिनेच पुरवलेला, फलकांचं कापडही हिनेच शिवलेलं. भोंग्याला गप्प बसवण्याचे सगळे उपाय थकल्यावर पालिकेने त्याला बढती दिली. तेव्हापासून त्याचा आवाज इतका खाली आला, की बैठकीत लोक कान पुढे करून ऐकायचे.

आणि वहिनीचा धाकटा भाऊ हा तलावावरचा मुख्य जीवरक्षक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून नावही शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं, बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. भोंग्यानेच त्याला नोकरीला लावलं, संघटनेत आणलं, मुठी वळून घोषणा द्यायला शिकवलं. साहेबाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत न बघता कपाळाकडे बघायचं, म्हणजे साहेब गडबडतो, हा डावही त्यानेच शिकवलेला. भोंगा वर गेल्यावर संघटनेचं अध्यक्षपद शिट्टीकडे आलं.

शिट्टी जेवायला आला नाही असं मात्र झालं नाही. आला, मुकाट्याने जेवला, आणि हात धुऊन भोंग्याच्या पुढ्यात एक कागद ठेवला. "भावोजी, उद्या कार्यालयात देणारच आहे. पण म्हटलं घरी आधी सांगावं."

कागदावर संघटनेच्या जुन्या कराराचं एक कलम होतं. कर्मचाऱ्याच्या कामाच्या स्वरूपात कोणताही बदल संघटनेशी वाटाघाटी केल्याविना होणार नाही, आणि वाटाघाटी पूर्ण होईपर्यंत आहे तीच स्थिती राहील. हे कलम भोंग्याने स्वतः फाटकावर उपाशी बसून मिळवलं होतं. त्या उपोषणाचा फोटो त्याच जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर होता. फोटोत भोंगा आडवा पडलेला, आणि उशाशी वहिनी पंख्याने वारा घालतेय.

भोंग्याने कागद वाचला नाही. त्याला तो पाठ होता. "हे कलम मोठ्या गोष्टींसाठी होतं," तो म्हणाला. "पानांसाठी नव्हतं."

"तसं त्यात लिहायला हवं होतं मग," शिट्टी म्हणाला.

वहिनीचा गुडघा शस्त्रक्रियेनंतर आखडलेला होता. जमिनीवर ती काठी टेकत चालायची, पण पाण्यात उतरली की आमच्यातली सगळ्यात वेगवान तीच. डॉक्टरांनी तिला रोज पोहायला सांगितलं होतं, पण ती डॉक्टरांसाठी पोहत नव्हती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी तिने दोघांना एवढंच विचारलं, की मग उद्या पानं कोण काढणार?

"आहे ती स्थिती राहील," दोघेही एकदम म्हणाले.

म्हणजे कशी, ते हळूहळू कळलं. जाळीवाला असतानाची स्थिती म्हणजे पाणी स्वच्छ, असं आम्हाला वाटत होतं. पण परिपत्रक निघालं त्या दिवशी जाळीवाला नव्हता आणि पानं होती, म्हणजे पानं असणं हीच आहे ती स्थिती. पानं काढली तर करार मोडतो. तेव्हा दोन्ही बाजूंनी ती जपली.

वाटाघाटी पालिकेच्या सभागृहात सुरू झाल्या. पोहणाऱ्या नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मला बोलावण्यात आलं. मला ऐकण्याचा अधिकार होता, बोलण्याचा नव्हता. त्यामुळे पुढचं मी कानांनी ऐकलेलंच सांगते आहे.

पहिल्या बैठकीत पान म्हणजे काय ते ठरवायचं होतं. उद्यान विभागाचा मुकादम म्हणाला, झाड आमचं, झाडावरचं पान आमचं, जमिनीवर पडलेलंही एक वेळ आमचं. पण पाणी म्हणजे जमीन नव्हे. सफाई विभागाचा माणूस म्हणाला, आमचा झाडू कोरड्यावर चालतो. पंपवाला म्हणाला, पाण्याबरोबर जे पंपात येईल ते माझं, वर तरंगतंय त्याच्याशी माझा काय संबंध? सगळ्यांनी हात झटकले आणि भोंगासाहेबाने आपलं तोंड मेहुण्याकडे वळवलं.

"जीवरक्षकाचं कामच पाण्यातून काढायचं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मग माणूस काय आणि पान काय."

"आमच्या कामाच्या यादीत बुडणाऱ्याला बाहेर काढणं असं आहे साहेब," शिट्टी म्हणाला. "पान बुडत नाही, तरंगतं. ज्या दिवशी बुडेल त्या दिवशी आम्ही काढू."

मुकादम हसला. भोंग्याने कपाळ पुसलं, कारण शिट्टी तिकडेच बघत होता.

"दिवसभर तुम्ही खुर्चीवर बसूनच तर असता," भोंगा म्हणाला.

"बसलेला जीवरक्षक म्हणजे नीट चाललेला तलाव," शिट्टी म्हणाला. "त्याचं बसणं हेच त्याचं काम. त्याच्या हातात दुसरं काही द्याल त्या दिवशी कोणीतरी बुडेल. हे माझे शब्द नाहीत साहेब, तुमचे आहेत. फाटकावरच्या भाषणातले. मी तेव्हा पहिल्या रांगेत होतो."

 भोंग्याने पाण्याचा पेला उचलला, प्यायला, खाली ठेवला. "तेव्हा मी संघटनेत होतो," तो म्हणाला. "आता मी जबाबदार माणूस आहे."

दुसऱ्या बैठकीत काठावरच्या पानांवर चर्चा झाली, म्हणजे अर्धं पान पाण्यात आणि अर्धं फरशीवर असेल तर. तिसऱ्या बैठकीत चहा कोणी आणायचा यावरून घोडं अडलं, कारण सभागृहाच्या शिपायाने आपल्याही कामाच्या यादीची प्रत मागवली होती आणि तीत चहा नव्हता. चौथ्या बैठकीत आधीच्या तिन्हींचा वृत्तान्त मंजूर झाला.

घरी दोघांनी हा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण दुसरा विषय त्यांच्याकडे नव्हता. एकमेकांना पाण्यात पाहत ते जेवायचे, आणि वहिनी मधे बसायची.

"ताई, भावोजींना सांग, भाजी इकडे सरकवा."

"तिला कशाला सांगतोस? मी समोरच बसलोय."

"समोर साहेब बसलेत. भावोजी दिसले की त्यांनाच सांगेन."

असं सगळं ती मला सकाळी खुंटीला टॉवेल अडकवता अडकवता सांगायची आणि आम्ही हसायचो. पण पानं वाढत चालली तसं तिचं हसणं कमी झालं. खालची पानं कुजली, पाण्याला चहाचा रंग आला. आमच्यातल्या मुख्याध्यापिका एकदा डुबकी मारून वर आल्या त्या डोक्यावर पानांची टोपी घेऊन, आणि अंघोळ करेपर्यंत त्यांना कळलंच नाही.

मग संघटनेने नियमाप्रमाणे काम करायचं जाहीर केलं. नियमात होतं, की जीवरक्षकाला तलावाचा तळ दिसला पाहिजे. पानांमुळे तळ दिसत नव्हता. तळ दिसत नाही तोवर पाण्यात कोणाला सोडायचं नाही. पण तलाव बंद करण्याचा अधिकार जीवरक्षकांना नव्हता, तो कार्मिक विभागालाही नव्हता. म्हणून तलाव चालू राहिला आणि पोहणं बंद झालं. आम्ही तिकीट काढायचो, कपडे बदलायचो, पाय धुवायच्या खळग्यातून चालत जायचो, आणि काठावर बाकावर बसायचो. समोर खुर्चीवर शिट्टी बसायचा आणि पानांवर नजर ठेवायचा. वेळ संपल्याची शिट्टी झाली की उठून कोरड्या अंगाने अंघोळीला जायचो.

वहिनीचा गुडघा पुन्हा धरायला लागला. घरात जिना उतरताना ती कठड्याला दोन्ही हातांनी धरायची. भोंग्याने ते पाहिलं, म्हणाला, "आता थोडंच राहिलंय, प्रशासनाची भूमिका मजबूत आहे." शिट्टीनेही पाहिलं, म्हणाला, "ताई, आता माघार घेतली तर उद्या आमच्याकडून फरशीही पुसून घेतील." दोघांनी तिला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली, दोन वेगवेगळ्या.

त्यानंतरच्या एका सकाळी आम्ही बाकावर बसलो होतो. वहिनी उठली. काठी तिने माझ्याकडे दिली. पंपाच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून जाळी उभी होती, जाळीवाला गेल्यापासून तिला कोणी हात लावलेला नव्हता. वहिनीने ती उचलली, दांडा काठीसारखा टेकत काठावर आली, आणि पानं काढायला लागली.

आधी तिला जमत नव्हतं. भिजलेल्या पानांचं ओझं असतं, जाळी भरली की दांडा वाकतो. मग तिला लय सापडली. शिट्टी खुर्चीवरून उभा राहिला. त्याने शिट्टी तोंडाजवळ नेली आणि तशीच धरली. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत होतो. शेवटी तो खाली बसला आणि निलगिरीच्या शेंड्याकडे बघायला लागला, जणू कोणी तिथे बुडतंय.

मग आम्हीही उठलो. मुख्याध्यापिकांनी बादल्या आणल्या, मी पानं पोत्यात भरली. पाणी निळं झालं नाही, पण तळाच्या फरश्या दिसू लागल्या. वहिनीने जाळी जागेवर ठेवली, शिडीने उतरली आणि पाण्यात शिरली. तळ दिसत होता, त्यामुळे तिला थांबवायचा नियम उरला नव्हता. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वळली, पुन्हा आली. काठाला धरून श्वास घेत तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला उगाच रडू आलं.

दुपारपर्यंत बातमी पालिकाभर झाली. संध्याकाळी तातडीची बैठक भरली. मला बोलावलं गेलं नाही, कारण मी पोतं भरलेलं. पण वृत्तान्त मिळाला. वाटाघाटी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा दोन्ही बाजूंचं एकमत झालं, आणि तेही चहा यायच्या आत. संघटनेचं म्हणणं, बाहेरच्या माणसाने वादातलं काम करणं म्हणजे कामगारांच्या पोटावर पाय. प्रशासनाचं म्हणणं, बाहेरच्या माणसाने पालिकेची जाळी विनापरवाना वापरणं म्हणजे मालमत्तेवर अतिक्रमण. दोघांनी मिळून एक नोटीस काढली. त्रयस्थ व्यक्तीने विवादित काम केल्याबद्दल खुलासा करावा.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे बसले होते तेव्हा शिपाई नोटीस घेऊन आला. भोंगा आणि शिट्टी जेवत होते. शिपायाने दोघांनाही मान झुकवली आणि कागद वहिनीच्या हातात दिला. "पोच द्यावी लागेल वहिनी. सही करा."

"पेन आहे का कोणाकडे?" तिने विचारलं.

दोघांनीही खिशातून पेनं काढून पुढे धरली. तिने शिपायाचं घेतलं, सही केली, आणि नोटीस उभ्याने मोठ्याने वाचली. खालपर्यंत आली तेव्हा थांबली.

"दोघांच्याही सह्या," ती म्हणाली. "एका कागदावर. छान."

"ताई, तो पदाचा भाग आहे," शिट्टी म्हणाला.

"व्यक्तिशः घेऊ नकोस," भोंगा म्हणाला.

"नाही घेत," ती म्हणाली. नोटीस घडी करून फ्रिजवर ठेवली आणि दोघांना भात वाढला.   नंतर मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "त्रयस्थ हा शब्द कोणाला सुचला असेल गं? ह्यांना की त्याला?"



सुनावणीला मोठ्या शहरातून एक समेट अधिकारी बाई आल्या होत्या. पालिका आणि कर्मचाऱ्यांचे तंटे मिटवणं हे त्यांचं काम. घसा बसलेला, पर्समधून खडीसाखरेचे खडे काढून तोंडात टाकत त्या सगळ्यांचं ऐकत होत्या. वहिनी समोरच्या एकट्या खुर्चीवर, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ. मला पुन्हा ऐकण्याचा अधिकार मिळाला होता.

"कोणाच्या आदेशावरून तुम्ही पानं काढलीत?" बाईंनी विचारलं.

"आदेश नव्हता," वहिनी म्हणाली. "मला पोहायचं होतं."

"हे काम आपलं नाही, हे माहीत होतं?"

"बाई, माझं काम कोणतं हे मला कधी कोणी लिहून दिलेलंच नाही. संपात चहा केला, फलक शिवले, ह्यांना वारा घातला. ते संघटनेत होते तेव्हा मी संघटनेची माणूस होते. साहेब झाले तेव्हापासून त्यांचे अहवाल मी वाचून दाखवते, कारण चष्मा लावायचा कंटाळा. त्यातलं कुठलंच माझं काम नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी नोटीसही काढली नाही. पहिल्यांदाच मी माझ्यासाठी काहीतरी केलं, तर दोघांना करार आठवला." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला शिक्षा द्यायची तर द्या. नाहीतर त्या कामाची जागा मला द्या. पण हे भिजत घोंगडं आता वाळत घाला."

भोंगा टेबलाकडे बघत होता. शिट्टी या वेळी कोणाच्याच कपाळाकडे बघत नव्हता.

समेट अधिकारी बाईंनी खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "जागा," त्या म्हणाल्या. "हे कोणाला सुचलं कसं नाही?"

सुचलं नव्हतं, कारण दोन्ही बाजू एकमेकांना हरवायला बसल्या होत्या. आता दोघांनाही बाहेर पडायची वाट दिसली. दुपारभर घासाघीस चालली आणि करार झाला. हंगामी पृष्ठभाग सहायक अशी नवी जागा. संघटनेची अट, ती व्यक्ती संघटनेची सभासद हवी. प्रशासनाची अट, ती व्यक्ती कायम नको. जाहिरात निघाली, अर्ज एकच आला. मुलाखतीत भोंग्याला नातेवाईक म्हणून बाहेर बसावं लागलं, आणि शिट्टीलाही.

संघटनेने फाटकावर पेढे वाटावेत तशी साखर वाटली. जीवरक्षकांच्या कामात एका पानाचाही बदल होऊ दिला नाही, असं शिट्टी म्हणाला. प्रशासनाच्या पत्रकात लिहिलं होतं, की कामाची फेररचना यशस्वी झाली. आम्हा पोहणाऱ्यांनाही वाटलं, चला, आपण जिंकलो.

वहिनीला गणवेश मिळाला, खाकी, खांद्यावर पट्ट्यांचा. पहाटे ती जाळी घेऊन काठावरून फिरायची. आम्ही यायचो तेव्हा पाणी आरशासारखं असायचं. पहिल्या दिवशी मी टोपी घालून तिला म्हटलं, "चल, उतर."

"मला नाही येता येणार," ती म्हणाली. "कर्मचाऱ्यांनी पाण्यात उतरायचं नाही. माणूस बुडत असेल तरच, आणि ते काम जीवरक्षकांचं."

आम्ही पोहलो आणि ती काठावर उभी राहिली. हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्याही नव्हतं. कराराने आम्हाला पाणी दिलं आणि तिच्या तोंडाला पानं पुसली. तिची कामाची वेळ संपायची तेव्हा बायकांची वेळही संपलेली असायची. गुडघा आखडायला लागला, तरी ती यायची, कारण आता ती नोकरीच होती. मी एकदा म्हटलं, सोड ही जागा. ती म्हणाली, "सोडली तर पुन्हा पानं साचतील, आणि हे दोघं पुन्हा सभागृहात बसतील. माझ्याच्याने भाजी सरकवणं होणार नाही आता."

काही दिवसांनी कपडे बदलायच्या खोलीबाहेर नवं परिपत्रक लागलं. तिकीट खिडकीवरचा कारकून करविभागात गेल्यामुळे पृष्ठभाग सहायकाने आपलं काम सांभाळून तिकीटविक्री करावी. खाली तिच्या नवऱ्याची सही.

वहिनीने ते दोनदा वाचलं, आणि मला वाटलं होतं तशी ती चिडली नाही. काठी टेकत ती सरळ शिट्टीच्या खुर्चीपाशी गेली.

"मी सभासद आहे ना?" तिने विचारलं.

"आहेस की ताई."

"माझ्या कामाच्या स्वरूपात बदल होतोय. वाटाघाटी मागव. पण बोलेन मी, तू नुसता शेजारी बस."

बैठक झाली. आता मी नागरिकांची प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यात, टेबलाच्या एका बाजूला भोंगासाहेब, दुसऱ्या बाजूला वहिनी, शेजारी शिट्टी. घरून तिघेही एकाच रिक्षाने आले होते.

"तिकीट खिडकी मी सांभाळीन," वहिनी म्हणाली. शिट्टीने चमकून तिच्याकडे पाहिलं, आपल्या माणसाने पहिल्याच वाक्यात मान्य केलेलं त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. "पण माझ्या कामाच्या यादीत आणखी एक काम घालायचं. पृष्ठभागाची रोजची पाहणी."

"ती तर तू करतेच," भोंगा म्हणाला, मग सावरून, "म्हणजे, सहायक करतातच."

"वरून करते. वरून पाण्याची वरची बाजू दिसते. ओलं पान बुडायच्या आधी खालच्या बाजूला लटकतं. ते बघायला पाण्यात उतरावं लागतं. ते बुडलं की जीवरक्षकांच्या हद्दीत जातं, हे संघटनेनेच पहिल्या बैठकीत सांगितलंय. त्यांच्या हद्दीत जायच्या आत मला ते पकडलं पाहिजे. नाहीतर पुन्हा तंटा."

भोंग्याने शिट्टीकडे पाहिलं. शिट्टीने भोंग्याकडे पाहिलं. पुन्हा तंटा या दोन शब्दांनी दोघांचे चेहरे सारखेच उतरले.

"किती वेळ लागेल पाहणीला?" भोंग्याने विचारलं.

"तलाव मोठा आहे," वहिनी म्हणाली. "पुन्हा माझा गुडघा असा."

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं, साहेबासारखं नव्हे. मग त्याने यादीत ते काम स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. "तो शब्द मला सुचला होता," तो अगदी हळू म्हणाला. "त्रयस्थ. चुकलंच माझं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "अशी भाषा त्याला येत नाही." शिट्टीला हे आपलं कौतुक की काय ते कळलं नाही.

आता रोज सकाळी, आम्ही यायच्या आत, पृष्ठभाग सहायक पाण्याची पाहणी करते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कधी उताणी, कधी पालथी. पाहणीसाठी पालिकेने तिला पोहण्याचा खाकी पोशाख दिला, खांद्यावर पट्ट्यांचा. आम्ही येतो तेव्हा ती केस पुसत खिडकीत तिकिटं फाडत असते. गुडघा पुष्कळच बरा आहे.

तिच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी मात्र पानं काढायला कोणी नसतं. खिडकीवरही कोणी नसतं, त्यामुळे तिकीट लागत नाही. त्या दिवशी ती आपला जुना निळा पोशाख घालून आमच्याबरोबर येते. कामाचं पोहणं वेगळं आणि आपलं पोहणं वेगळं, असं तिचं म्हणणं. कामावर असताना आपण नीट पोहतोय ना असं सारखं वाटत राहतं म्हणे. एका दिवसाच्या पानांनी तळ पुरता झाकला जात नाही, आणि झाकला तरी शिट्टी खुर्चीवरून वाकून बघत नाही. पानं हाताने बाजूला सारत आम्ही पोहतो, आणि बाहेर येऊन एकमेकींच्या केसांतली पानं काढतो.